थोरली कुठे पडली?

भाऊजींना शोधून घरी आणायचं, एवढंच आमच्या मोहिमेचं काम होतं. मोहीम म्हणायला माणसं तीन: माझी ताई, होडीवाले काका आणि मी. सामान म्हणायला औषधांची पेटी, पाव, उकडलेली अंडी आणि एक ड्रोन. पायी जाणाऱ्याला त्या दरीतलं निम्मंही दिसत नाही, आणि भाऊजी नेमके तिथेच बेपत्ता झाले होते.

मी ड्रोन दुरुस्त करते. खाली माझं दुकान, वर ताईचं घर. तळ्यात बुडालेली, झाडाला लटकलेली, लग्नाच्या मांडवात घुसलेली ड्रोनं माझ्या टेबलावर येतात आणि प्रत्येक मालक छातीठोकपणे सांगतो, "मी काहीच केलं नाही हो, ते आपलं आपण पडलं." ऐकून ऐकून माझे कान किटलेत. आणखी एक सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी हसायला नको. दिवसभर उडणारी यंत्रं हाताळणारी मी स्वतः स्टुलावर चढले तरी माझे पाय लटपटतात.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. जंगलांच्या, नद्यांच्या फिल्म काढणं हा त्यांचा धंदा आणि तेच त्यांचं वेड. त्यांच्यासाठी मी दोन ड्रोन हातानं जुळवली, एक मोठं, एक लहान. भाऊजींनी त्यांची नावं ठेवली थोरली आणि धाकटी. "मेहुणीबाई, या दोघी जावाजावा आहेत. एका कपाटात ठेवू नका, भांडतील," असं मला दर वेळी बजावायचे.

काल दुपारी त्यांचा निरोप आला होता: "थोरली दरीत पडली. घेऊन येतो. काळजी नको." सोबत नकाशाचं चित्र, आणि थोरली शेवटची जिथे दिसली तिथे लाल ठिपका. त्यानंतर फोन बंद. रात्र गेली तरी बंदच! बचाव पथकाला फोन लावला तर सगळी माणसं पलीकडच्या डोंगरात, कोसळलेल्या दरडीवर अडकलेली. उद्या संध्याकाळपर्यंत येतो म्हणाले.

ताई नर्स आहे. रुग्णालयातून नुकतीच परतली होती, पायात अजून तेच पांढरे बूट. ती म्हणाली, "उद्या संध्याकाळपर्यंत मी काय हातावर हात ठेवून बसू? ऊठ!"

मी उठले. धाकटीला पाठीवर घेतलं.

भाऊजींना दरीपाशी सोडून आलेले होडीवाले काकाच आम्हाला घेऊन निघाले. म्हातारा काटक होता आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. नदी सुरुवातीला शांत होती. दोन्ही काठांवर दाट झाडी, पाण्यावर धुक्याचे पुंजके, मधूनच एखादा खंड्या सुर्रकन निघून जायचा. एरवी ताईनं बोट दाखवून मला तो दाखवला असता. आज ती होडीच्या टोकाला ताठ बसली होती आणि पाण्याकडे एकटक बघत होती.

"मला खूप भीती वाटतेय गं," ती एकदाच बोलली. मी तिचा हात धरला. 

दरीच्या तोंडाशी काकांनी होडी काठाला लावली. "इथून पुढे होडी जात नाही. पाण्याला जोर फार," ते म्हणाले. तिथे मोकळ्या वाळूवर भाऊजींचा तंबू होता. आत झोपायची पिशवी व्यवस्थित गुंडाळलेली, डब्यात बिस्किटं, कोपऱ्यात एक दोर. ताईनं पिशवीवरून हात फिरवला. "रात्री इथे कुणी झोपलेलं नाही," ती म्हणाली.

तंबूच्या मागून कड्याची एक भली मोठी सोंड नदीत घुसली होती. तिला वळसा घालून नदी दरीतून बाहेर यायची. सोंडेच्या पायथ्यानं चालत आम्ही दोघी आत शिरलो आणि आभाळ एकदम चिंचोळं झालं. दोन्ही बाजूंना काळे ओले कडे, मध्ये पांढरं पाणी, आणि वरून पडणाऱ्या धबधब्याचा असा गडगडाट, की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे! आत थोड्या अंतरावर एक सपाट खडक होता. भाऊजी तिथूनच ड्रोन उडवायचे. खडकावर त्यांची पाण्याची रिकामी बाटली पडली होती.

लाल ठिपका त्याच्याही पुढे, दरीच्या दुसऱ्या वळणावर होता. घसरत, धडपडत, एकमेकींना ओढत आम्ही तिथे पोचलो. चिखलात बुटांचे ठसे होते. भाऊजींचेच, तळव्याला तिरक्या रेघा असलेले! ताई धावलीच. पण ठसे पाण्याच्या कडेला इकडेतिकडे फिरून आले होते, तसेच माघारी गेले होते. ना थोरली, ना भाऊजी.

"माघारी गेले, मग तंबूत का नाहीत?" ताईनं विचारलं.

आम्ही घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. धबधब्यानं त्या सगळ्या गिळल्या.

तंबूपाशी परत आलो. आता भिस्त धाकटीवर. मी तिची पाती लावायला ताईकडे दिली आणि रिमोट तपासू लागले. पहिलंच उड्डाण! धाकटी वीतभर उचलली, स्वतःभोवती गरकन फिरली आणि वाळूत तोंडावर आपटली.

"मी काही केलं नाही," ताई घाबरून म्हणाली.

"तूसुद्धा?" मी ओरडलेच. बघते तर शेजारशेजारची दोन पाती अदलाबदल होऊन बसलेली. चारांतली दोन पाती डावीकडे फिरतात, दोन उजवीकडे. चुकीच्या जागी लावली की ड्रोन उडायच्या ऐवजी कोलांटी खातं. एरवी मी गिऱ्हाइकाला चांगलं फैलावर घेतलं असतं, पण ही ताई होती. मी धाकटीला बंद करून गुपचूप पाती बदलली. घरी परतताना ड्रोन किती उंचीवरून यावं, तो आकडाही वाढवून ठेवला. असल्या कड्यांच्या जागी कमी उंची म्हणजे कपाळमोक्ष. मग रिमोटचं कव्हर शोधायला होडीत गेले. येईपर्यंत ताई धाकटीला दोन्ही हातांवर घेऊन सपाट खडकाकडे निघालीसुद्धा होती. मी मागोमाग धावले.

खडकावरून धाकटी छान उडाली. मी तिला पाण्याच्या कडेकडेनं आत नेलं. पडद्यावर दगड, ओंडके, फेस, ताईचं डोकं माझ्या खांद्यावर, आणि कुठे काही रंगीत दिसलं की "थांब, थांब!" पहिलं वळण गेलं, दुसरंही गेलं, आणि पडदा काळा झाला! संपर्क तुटला. मधे एवढा कडा आल्यावर तो तुटणारच होता. मी दात ओठ खात बटणं दाबत राहिले.

"पडली?" ताईनं विचारलं.

"नाही. संपर्क गेला तर पडत नाही ती. वर चढते आणि सरळ घरी परतते. जिथून उडाली तिथे, म्हणजे आपल्याकडेच येईल."

आम्ही वर बघत बसलो. थोड्या वेळानं उंचावर बारीकशी गुणगुण ऐकू आली. आली, आली! धाकटी आमच्या रोखानं आली, आमच्या बाजूनं गेली, आणि खुशाल सोंडेवरून पलीकडे दिसेनाशी झाली!

"अगं, कुठे चाललीस बये!" मी किंचाळले, आणि आम्ही दोघी धूम पळत सुटलो.

सोंडेला वळसा घालून बघतो तर काका कमरेएवढ्या पाण्यात उभे, हातात मासे धरायचं जाळं, जाळ्यात धाकटी. "ही बाई सरळ तुमच्या तंबूवर उतरायला लागली," ते फुरफुरत म्हणाले. "वाऱ्यानं पाण्याकडे ढकललं तिला. बुडू देऊ का? घातलं जाळं!" जाळ्याच्या हिसक्यानं धाकटीचा एक दांडा पिचकला होता, बाकी ती धड होती.

पण माझं दांड्याकडे लक्षच नव्हतं. "ताई, तू हिला चालू कुठे केलंस?"

"इथेच, तंबूपाशी. हे नेहमी असंच करतात. आत आभाळ अरुंद आहे ना, तिथे उपग्रह सापडायला जन्म लागतो. म्हणून थोरलीला उघड्यावर जागं करायचं, आणि चालू ठेवूनच खडकावर न्यायचं. का? चुकलं का माझं?"

चुकलं? मला तिचे मुके घ्यावेसे वाटले! या दोघींना मीच जुळवलंय. त्या उडोत कुठूनही, चालू केल्यावर उपग्रह पहिल्यांदा जिथे सापडतात ती जागा त्यांचं घर. म्हणजे थोरलीचं घरही सपाट खडक नव्हे, तर तंबू!

मी वल्ह्यानं वाळूत रेघा ओढल्या. हा लाल ठिपका. हा तंबू. संपर्क तुटल्यावर थोरली ठिपक्यापाशी पडलीच नाही. ती तिथून तंबूकडे सरळ रेषेत निघाली. आणि या रेषेत आडवी काय येते?

"सोंड," काका म्हणाले.

"सोंड! धाकटीला मी उंच ठेवलं म्हणून ती वरून आली. थोरलीची उंची जुनीच होती. ती पलीकडून येऊन कड्यावर आपटली. भाऊजी आधी ठिपक्यापाशी गेले, काही मिळालं नाही, माघारी आले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं."

ताई सोंडेच्या माथ्याकडे बघत होती. बघता बघताच तिनं औषधांची पेटी उघडली, दोन लाकडी पट्ट्या काढल्या आणि धाकटीच्या पिचकलेल्या दांड्याला चिकटपट्टीनं घट्ट बांधल्या. मोडलेल्या हाडाला बांधतात तशा, अगदी सफाईनं. शेवटची भरलेली बॅटरी तिनं सकाळपासून स्वेटरच्या आत पोटाशी धरली होती, गारठून तिचा जोर जाऊ नये म्हणून. "चला," ती म्हणाली.

तंबूतला दोर घेऊन आम्ही तिघं सोंडेवर चढलो. कसली चढण ती! मुळं धरायची, पाय रोवायचा, खालचा दगड निसटायचा. मी खाली एकदाही बघितलं नाही. ताईच्या पांढऱ्या बुटांच्या टाचा, एवढंच जग मी माझ्यापुरतं ठेवलं.

माथ्यावर पोचलो आणि थोरली दिसली! कड्याच्या अगदी काठावर एक वाकडं झाड दरीवर झुकलं होतं, त्याच्या शेंड्यात ती उलटी लटकली होती. त्याच झाडाच्या बुंध्याला दोर बांधलेला. भाऊजींचा दोर. तो काठावरून खाली गेला होता.

"अहो!" ताई ओरडली. "अहो, ऐकताय ना?"

धबधब्याशिवाय उत्तर नाही. तिनं दोर धरून ओढला. तो हलका आला. भराभरा वर आला. आणि त्याचं टोक तिच्या हातात आलं: खडकाच्या धारेवर घासून तुटलेलं, धागे सुटलेलं टोक.

ताई मटकन खाली बसली. ते टोक बघत राहिली. काकांनी डोक्यावरची टोपी काढली, ते बघून मला असा राग आला, की मी त्यांना म्हटलं, "टोपी घाला आधी! अजून काही झालेलं नाही."

मी बॅटरी धाकटीत सरकवली.

कडा वरून पुढे झुकला होता, त्याखालचं काही दिसत नव्हतं. धाकटीला कड्याखाली न्यायचं तर रिमोट तिच्या समोर हवा, म्हणजे मला काठावर पालथं पडून अर्धं अंग बाहेर काढायला हवं. मला! स्टुलाला घाबरणाऱ्या मला!

"माझे पाय धर," मी ताईला म्हटलं. तिनं घोटे पकडले. मी सरकले. खाली हिरवं पाणी दिसलं आणि सगळं गरगरलं. मी डोळे पडद्यावर खिळवले.

धाकटी कड्याखाली उतरली. लगेच बोंबाबोंब! उपग्रह नाहीत. खडकात लोखंडाचा अंश असावा, होकायंत्रही बावचळलं. धाकटी डावीकडे घसरायला लागली, कड्याच्या अंगावर! मी तिची आपोआप सावरायची सगळी सोय बंद केली. आता ती आणि माझे दोन अंगठे. हळू. डावं. थोडं वर. हळू गं बाई, हळू.

पडद्यावर काळा खडक. नेचे. एक कपार. कपारीत निळं जर्किन.

ते हलत नव्हतं.

"काय दिसतंय?" मागून ताई ओरडली. "सांग ना! काय दिसतंय?"

मी धाकटीला आणखी जवळ नेलं. पात्यांचा आवाज कपारीत घुमला असणार. जर्किन हललं. एक हात वर झाला, डोळ्यांवर आला, आणि मग त्या हातानं मला खूण केली: मागे हो, उजवीकडून घे!

"जिवंत आहेत!" मी किंचाळले. "जिवंत आहेत ताई, आणि मला कॅमेरा कुठून लावायचा ते शिकवतायत!"

माझ्या घोट्यांवरची पकड एवढी आवळली की मी कळवळले. ताई हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

भाऊजींनी पायाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. पाय कामातून गेला होता. मग वर बोट दाखवून दोर ओढल्याची खूण केली. दोर आमच्याकडे होता, पण वरून सोडला तर तो कपारीपासून लांब, हवेतच लोंबणार. त्यांच्या हाताशी पोचणार कसा?

"माझ्या खिशात गळाची दोरी आहे," काका म्हणाले. "बारीक, पण चिवट. हिला उचलवेल का?"

ठरलं. धाकटीनं बारीक दोरी भाऊजींकडे न्यायची, त्यांनी ती ओढायची, तिच्यामागून जाडा दोर त्यांच्या हाती जाईल. त्यांना वर ओढणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. कपारीच्या बरोबर खाली मात्र पाण्याचा एक शांत डोह होता. होडी तिथे आणली तर त्यांना खाली सोडता येईल.

"पाण्याला जोर आहे म्हणालात ना?" मी विचारलं.

"आहेच," काका म्हणाले आणि टोपी घट्ट करत उतरायला लागले.

मी धाकटीला वर आणलं. पोटाला दोरी बांधली. पुन्हा पालथी पडले. खाली काका काठाकाठानं होडी खेचत होते, छातीएवढ्या पाण्यात, पाय रोवत, थांबत, पुन्हा रोवत. धार होडीला मागे ढकलत होती आणि म्हातारा तिला शिव्या घालत असावा, कारण तोंड चालूच होतं. डोहात शिरल्यावर त्यांनी हात हलवला.

धाकटी निघाली. दोरीच्या ओझ्यानं जड झालेली, एका बाजूला कलणारी. कपार दिसली. भाऊजींनी हात पुढे केला. अजून थोडं! तेवढ्यात रिमोट कोकलायला लागला. बॅटरी संपत आली! आणि बॅटरी संपली की ही यंत्रं कुणाचं ऐकत नाहीत, आहे तिथे उतरायला लागतात. धाकटी खाली चालली. मी अंगठा पूर्ण वर रेटला. ती थरथरत टिकली. पुढे. पुढे! ताईनं बांधलेल्या पट्ट्या खडखडल्या. दांडा वाकला. धाकटी कपारीच्या धारेवर आपटली, कलंडली, निसटली...

आणि पडदा गेला.

मी मान लांब करून खाली बघितलं. डोळे उघडे ठेवून, सरळ खाली. धाकटी दोरीला लटकून हवेत झुलत होती. दोरी कपारीत गेली होती. मग दोरीला एक हिसका बसला. आणखी एक. ती सरसर आत जायला लागली!

"धरली! भाऊजींनी धरली!"

पुढचं सगळं हातांचं काम. जाडा दोर खाली गेला. आम्ही त्याला बुंध्याभोवती दोन वेढे दिले. तीनदा हिसका आला, म्हणजे भाऊजींनी स्वतःला बांधून घेतलं. ताई आणि मी इंच इंच दोर सोडत गेलो. तळहात सोलले. घसरतोय वाटलं की ताई "पकड!" ओरडायची आणि मी पकडायची. दोरावरचं वजन एकाएकी गेलं. काठाशी जाऊन बघते तर भाऊजी होडीत आडवे पडलेले आणि काका दोन्ही हात हलवतायत!

ताईनं मला मिठी मारली. असं किती वेळ उभ्या होतो कोण जाणे.

मग माझी नजर थोरलीवर गेली. तिच्या पोटात कार्ड होतं. भाऊजींनी त्या दरीचं आजवर जे टिपलं ते सगळं त्यात, कित्येक हिवाळ्यांची मेहनत. झाड माझ्यापासून चार पावलांवर. आजच्या दिवसात माझी भीतीही जरा चेपली होती. मी झाडावर पाय ठेवला. ते कुरकुरलं.

"खाली उतर," ताई म्हणाली.

"अगं, एवढंसं तर अंतर. त्यांची एवढी मेहनत..."

"त्यांनीही असंच म्हटलं असेल." ती पुढे आली आणि तिनं माझं मनगट धरलं. "मला माझी माणसं हवीत. उतर."

मी उतरले. वाऱ्यानं थोरलीचं एक पातं हळूच फिरलं. आम्ही तिला तिथेच सोडून निघालो.

दरीच्या तोंडाशी काकांनी होडी आणली, आम्ही दोघी चढलो. ताईनं भाऊजींचा पाय पट्ट्यांनी बांधला, अंगावर तीन पांघरुणं घातली, पाणी पाजलं. एका शब्दानं रागावली नाही. भाऊजींचे ओठ पांढरे पडले होते, पण बोलणं सुचत होतं.

"थोरली?" त्यांनी मला विचारलं.

"राहिली. झाडावर."

त्यांनी डोळे मिटले. जरा वेळानं म्हणाले, "कार्डात ना, सकाळच्या उन्हात धबधबा असा काही..."

"गप्प बसा," ताई म्हणाली. तिनं त्यांचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि मनगटावर बोटं ठेवली. "मी नाडी मोजतेय."

भाऊजी गप्प बसले. काकासुद्धा गप्प बसले, सबंध दिवसात पहिल्यांदाच. नदी रुंद होत गेली, ऊन उतरलं, लांबवर घरं दिसायला लागली, तरी ताईची बोटं तिथेच होती. घड्याळ तिच्या दुसऱ्या मनगटावर होतं. त्याच्याकडे तिनं एकदाही बघितलं नाही.